आत्याच्या नावाचं पाकीट

गेल्या शनिवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही – आणि ती तर त्यात नकळत सामील होती. पण दातिवऱ्याच्या खाजणात जे दिसलं, त्यानंतर गप्प राहणं कसं जमणार? घाबरलोय म्हणाल? नाही हो – आनंद झालाय! तेच तर अवघड आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी जुनं बियाणं गोळा करायच्या कामावर होतो. गावोगावचे भात आणायचे, पाकिटावर शेतकऱ्याचं नाव लिहायचं, शीतगृहात जपायला पाठवायचे. माझी भानूआत्या दातिवऱ्याला समुद्राकाठच्या खाजणात लाल भात लावायची – राता. खाऱ्या पाण्यात उभा राहणारा, बुंध्याला जांभळा, लांब कुसळांची टोकं काळी. गावात तो तिच्याकडेच काय तो उरला होता. तिनं ओंजळभर दिला. “नीट ठेव रे दिनू, आमच्या घरचा हाय.”

मी काय केलं? पाकीट नाव न लिहिताच घरी फळीवर टाकलं. उद्या पाठवू, परवा पाठवू. तेवढ्यात ऋषिपंचमी आली. त्या उपासाला बैलाच्या कष्टाचं चालत नाही; तळ्याकाठी आपोआप उगवणारा देवभात लागतो. तोही कुसळांचाच. बायकोला वाटलं, मी तोच आणून ठेवलाय. तिनं कांडला, शिजवला. ताटातला लाल दाणा मी बघताक्षणी ओळखला – आणि मुकाट्यानं दोन घास खाल्लेही.

आत्याकडे आणखी ओंजळभर मागता आला नसता का? आला असता. लाज वाटली. मासवणच्या एका ओळखीच्याकडून लाल भात आणला – गोड्या पाण्यावरचा – आणि वर आत्याचं नाव लिहून पाठवून दिला. ते पाकीट अजून तिथं आहे. ते खोटं आहे, असं पत्र मी या सोमवारी शीतगृहाला लिहून दिलं. पत्रात तेवढंच मावलं.

दोन वर्षांनी उधाणानं बांध फुटला. आत्याच्या कणगीतलं बियाणं कुजलं. ती मात्र हसत होती – आपला भात दिनूकडे आहे ना! मी शीतगृहातून त्या पाकिटातला थोडा आणून दिला. रोपं महिन्याभरात जळाली. आणि मग – हेच ते, इतका वेळ टाळत होतो ते – मी तिला म्हणालो, “आत्या, बी चांगलं होतं. तुझ्याच हाताला आता जमत नाही.”

तिनं आपले हात उलटसुलट करून पाहिले. पुन्हा कधी लावणी केली नाही.

आणि शनिवारी! तिच्या पडीक खाजणात, बांधाच्या कडेला, लोक तण म्हणून उपटून फेकतात त्या रानभातात – जांभळा बुंधा! काळ्या टोकांची कुसळं! पाण्याला जीभ लावून पाहिली – खारट. कधीतरी रानभाताशी त्याचा संकर झाला असणार. हात लागला की दाणे झडत होते. पण जगला होता! कुणी न जपता जगला होता! चिखलात एकटाच मोठ्यानं हसलो. लोंब्या रुमालात बांधून धावत आत्याच्या ओट्यावर गेलो.

तिनं एक लोंबी डोळ्यांजवळ धरली. “हा माजाच. रानात राहून उंडगा झालाय मेला, पन माजाच.” मग माझ्याकडे पाहिलं. “मग तू आनलेला कोनाचा होता?”

“मासवणचा,” मी म्हणालो. मग बाकीचंही सांगितलं. हातांचंसुद्धा.

रुमालातले दाणे झडून ओट्यावर पसरले होते. बोट ओलं करून ती एकेक टिपू लागली. बराच वेळ.

“पाय उचल,” ती म्हणाली. “दाना हाय खाली.”

मी पाय उचलला.