पाठमोरी चाल

त्या अटकेची आठवण निघाली की आजही माझं जेवणातलं लक्ष उडतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत चुका झाल्या नाहीत असं नाही, पण या अटकेच्या कागदावर मी छाती फुगवून सही केली होती.

राजोडीच्या एका बंगल्यात भरदुपारी चोर शिरला. घरात एकटी म्हातारी. तिला ढकलून गळ्यातली सोन्याची साखळी ओढून पळाला. तोंडाला फडकं होतं, त्यामुळे म्हातारीला चेहरा दिसला नाही.

या गुन्ह्यात आमचा खबऱ्या माणूस नव्हता, यंत्र होतं. किनाऱ्याच्या रस्त्यावर एका खांबावर नव्या यंत्रणेची चाचणी चालू होती. एक कॅमेरा लांबून चेहरा टिपायचा, दुसरा चाल मोजायचा, तिसरा अंगाची उष्णता पाहायचा. तिन्हींचा मेळ घालून यंत्र आमच्या यादीतलं नाव काढायचं. यादीसाठी आम्ही जुन्या आरोपींना बोलावून कॅमेऱ्यासमोर चालवून घेतलं होतं. पळणाऱ्याचा चेहरा झाकलेला असूनही यंत्राने चालीवरून नाव दिलं. शेजारच्या गावातला ताडी काढणारा. पूर्वी एकदा विनापरवाना ताडी विकताना सापडला होता, एवढाच त्याचा गुन्हा.

शुक्रवारी त्याला घरून उचललं. दारात मांडव होता. रविवारी सकाळी नऊला चर्चमध्ये त्याच्या मुलीचं लग्न होतं.

"चोरीच्या वेळी कुठे होतास?" मी विचारलं.

"ताडावर, साहेब."

"कोणी पाहिलं?"

"ताडावर कोन असनार, साहेब?"

मला ते उद्धट वाटलं. आवाज चढवला. तो हात जोडून म्हणाला, "पोरीला हात धरून चर्चात आल्तारापरत, फादरसमोर, मला न्यायचं हाय. जावई बोटीवर कामाला, पुढल्या आठवड्यात जानार, तारीख बदलत नाय. रविवारी तेवढं जाऊ द्या, मंग मी सोता येऊन बसतो."

आमचे हवालदार मिठागराकडच्या गावचे. ते हळूच म्हणाले, "साहेब, ताडी काढनारे सगले असेच चालतात."

"यंत्रापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" म्हणून मी त्यांना गप्प केलं. शनिवारी न्यायालयात हजर करून मंगळवारपर्यंत पोलीस कोठडी घेतली.

रविवारी सकाळी त्याने चहाला हात लावला नाही. एकदा किती वाजले ते विचारलं. पहाऱ्यावरच्या शिपायाने नऊ सांगितले. त्यानंतर त्याने काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी हवालदार मला न विचारता जीप ताडांच्या वाडीकडे घेऊन गेले. पाच-सहा जण मडकी घेऊन आमच्यापुढे चालले होते, पाठमोरे. लहानपणापासून पायांत दोरी अडकवून झाडावर चढणारी माणसं. सगळ्यांचे गुडघे बाहेर वळलेले, पंजे फाकलेले, खांदे पुढे.

"यातला त्याचा भाऊ कोन, वलखा," हवालदार म्हणाले.

मला ओळखता आलं नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्या यादीत ताडी काढणारा तो एकटाच होता. यंत्राला कोणाचं तरी नाव द्यायचं होतं, त्याने त्यातल्या त्यात जवळचं दिलं. असं चालणारं आणखी कोण, असं विचारल्यावर वाडीतल्याच माणसांनी सांगितलं की वर्षभरापूर्वी एकाने हे काम सोडून त्या बंगल्याजवळच्या, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये पहारेकऱ्याची नोकरी धरली होती. त्याच्या खोलीत पंचांसमोर साखळी मिळाली आणि त्याने कबुली दिली. मंगळवारी न्यायालयात अहवाल देऊन आम्ही कोठडीतल्या ताडी काढणाऱ्याला सोडलं.

आठवड्याने मी साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो. त्याची बायको बाहेर आली नाही. त्याने मात्र खुर्ची दिली. "तुमची माफी मागायला आलोय," मी म्हणालो. पहिल्यांदाच त्याला अहोजाहो केलं. त्याने टीव्हीवर लग्नाचा व्हिडिओ लावला. पांढऱ्या झग्यातली मुलगी काकाचा हात धरून आल्तारकडे निघाली होती. काकाही ताडी काढणाराच. त्याने चित्र थांबवलं.

"तुमच्या मशिनीला ह्यो दाखवा, साहेब. ती बोलेल मीच हाय. पाठीमागून मलाबी तसंच वाटतं."

यंत्राला मी दोष देत नाही. ज्यांना विचारायचं ते माझ्या शेजारीच उभे होते आणि मी त्यांना गप्प केलं, याची खंत मला आहे, ती जात नाही.

त्याने व्हिडिओ पुन्हा सुरू केला. मला उठवेना. पूर्ण लग्न मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं.