उभयतांच्या विचाराने

पोर्तुगालमधल्या एका आडरस्त्यावर त्याने गाडी थांबवली, कारण मी म्हणाले होते की अंजिराच्या पानांचा वास येतो आहे.

कारण एवढेच. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याने माझ्या नाकाला असा मान कधी दिला नव्हता. घरी, रत्नागिरीत, गाडी म्हणजे आंब्याच्या पेट्या, खताची पोती आणि फवारणीचे पंप वाहून नेण्याची वस्तू. ती थांबायची डिझेलसाठी, नाहीतर पंक्चरसाठी. इथे भाड्याची छोटी पांढरी गाडी होती, तिचे स्टिअरिंग डावीकडे आणि रस्ता उजवीकडचा. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर आम्ही दोघेही श्वास धरून बसत होतो. आता तो सरावला होता. त्याने गाडी कडेच्या वाळक्या गवतात घेतली, काच खाली केली आणि इंजिन बंद केले. उन्हाने तापलेल्या पानांचा तो वास आत आला: हिरवा, किंचित दुधाळ, शहाळ्यातल्या कोवळ्या खोबऱ्याच्या जवळ जाणारा.

"घे हुंगून पोटभर," तो म्हणाला. "आपल्याला कुठे बोट पकडायचीय?"

मी हसले. त्याने त्या हसण्याचा फोटो काढला.

आम्ही आंबेवाले. जग सुट्टीवर निघते तेव्हा आमच्या अंगणात पेंढा पसरलेला असतो आणि माणसे पेट्या भरत असतात. आंबा संपला की पाऊस, पाऊस संपला की छाटणी आणि साफसफाई, मग मोहोर आणि त्याची काळजी. भाट्याच्या वर, समुद्र दिसेल न दिसेल अशा उंचीवर, सासऱ्यांनी आम्हाला लग्नानंतर एक कातळ दिला होता. नुसता काळा, उघडा दगड. त्यात सुरुंग लावून आम्ही खड्डे पाडले, खालच्या शेतातून माती आणून ते भरले आणि एकेका खड्ड्यात एकेक कलम लावले. महाविद्यालयात कविता शिकून आलेली मी, उन्हात टोपलीभर मातीने डोके लाल करून उभी राहायचे, आणि तो खड्ड्यात उतरून हात वर करायचा. पुढे तिथेच जांभ्या दगडाचे घर बांधले. सासरे रोखठोक होते. "राबलीत दोघं, तर नावंही दोघांची लागतील," असे म्हणून त्यांनी सातबाऱ्यावर माझेही नाव चढवून घेतले.

त्यामुळे गणपती गेल्यावर एके सकाळी त्याने चहाचा कप खाली ठेवून "युरोपला जाऊया. टूरबीर नको. दोघंच, गाडी घेऊन, सावकाश," असे म्हटले, तेव्हा मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

निघण्याच्या आदल्या दिवशी तो ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालायला गेला. आमच्याकडे कोणतेही मोठे काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. देवीसमोर नारळ ठेवायचा, मनातले गुरवाला सांगायचे, आणि गुरव ते मोठ्याने, आडपडदा न ठेवता देवीच्या कानावर घालतो. देवळात जे असतील ते प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणतात. मग कौल लावायचा: देवीच्या अंगावर चिकटवलेली फुलाची पाकळी उजवीकडून पडली तर होकार. प्रवासासाठीच गाऱ्हाणे आहे असे मी धरून चालले. शेंडी राखून सोललेला नारळ मीच त्याच्या हातात दिला आणि पुन्हा बॅग भरायला बसले.

लिस्बनहून आम्ही दक्षिणेकडे निघालो ते खरोखरच सावकाश. मधल्या उघड्यावाघड्या मुलखात ज्यांच्या सालीची बाटल्यांना बुचे होतात त्या झाडांची राने लागली. त्यांची साल कंबरेच्या वरपर्यंत सोलून काढलेली, आतले खोड ओल्या विटेसारखे तांबडे, आणि त्यावर पांढऱ्या रंगात एकेक आकडा. कोणत्या वर्षी सोलले त्याची ती खूण. साल पुन्हा भरून यायला कितीतरी वर्षे लागतात, तोवर त्या झाडाला कुणी हात लावत नाही, असे मुक्कामाच्या घरमालकिणीने खाणाखुणांनी सांगितले. मी तळवा त्या उघड्या खोडावर ठेवला. ते गार होते.

"आपल्या कलमांना असं सोललं तर मरतील," मी म्हणाले.

"कलमांचं राहू दे गं आता," तो म्हणाला, आणि मला ते प्रेमाचे वाटले.

मला सगळेच प्रेमाचे वाटत होते. तो माझ्यासाठी खिडकीकडची खुर्ची ओढून धरत होता. भाजलेल्या बांगड्यासारख्या माशाचे काटे काढून मऊ तुकडा माझ्या ताटात ठेवत होता. दुपारच्या उन्हात बंद दारांच्या गल्ल्यांतून आम्ही चालायचो, भिंतींना चुन्याचा वास, कुठूनतरी तळल्या लसणीचा. आणि तो, जो रत्नागिरीच्या बाजारात माझ्या दहा पावले पुढे चालतो, माझ्या बरोबरीने चालत होता. मुलीला मी फोनवर म्हटले, "तुझे बाबा बदललेत गं." पुण्यातून ती म्हणाली, "चांगलंय की, मग मजा कर." तिलाही काही ठाऊक नव्हते, हे मला नंतर कळले.

समुद्राकाठच्या एका गावात मिठागरे होती. गाव संपले की पाण्याचे चौकोन सुरू होत, काही आकाशाच्या रंगाचे, काही फिकट गुलाबी, आणि कडेला मिठाचे पांढरे ढीग. वाऱ्याला खार होती आणि तिच्यात मिसळून सुक्या माशांचा तो वास, जो हर्ण्याच्या बंदरावर उतरताच अंगाला चिकटतो. मी बांधावर बसले. तो गावातून खायला काही आणतो म्हणून गेला. तेवढ्यात फोन वाजला. आमच्या शेजारच्या काकू. आम्ही नसताना त्या तुळशीला पाणी घालत होत्या.

"काय गो, कुठवर पोचलात?"

"मिठागरांपाशी बसल्ये, काकू. वारा अगदी आपल्यासारखा आहे."

"असू दे गो, बघून घे. मला मात्र इथे चैन पडत नाही. तुम्ही गेलात की वरती दिवा दिसणार नाही, नि मी भांडायचं तरी कोणाशी?"

"येतोय की पुढच्या आठवड्यात."

"येशील गो. पण राहणार किती दिवस? मोजणीवाले काल येऊन गेले. मीच चहा दिला त्यांना. एकाने तर साखर तीनदा मागून घेतलीन."

"कसली मोजणी?"

पलीकडे काकूंचा टीव्ही चालू होता. त्यांनी तो बंद केला.

"अगो, असं काय करतेस? बागेची. गाऱ्हाणं नाही का घातलंत? मी होत्ये ना देवळात. 'उभयतांच्या विचाराने बाग नि घर देऊन लेकीकडे जायचं योजलंय, ते सुखरूप पार पाड,' असं गुरवाने चांगलं खणखणीत म्हटलंन. कौलही उजवा झाला. तुला रडू येईल म्हणून आली नसशील, असं म्हणत होतो आम्ही बायका."

मी म्हणाले, "हो हो. प्रवासात लक्षातच राहिलं नाही, काकू." आणि फोन ठेवला. त्या क्षणी मला त्याची अब्रू झाकावीशी का वाटली, ते अजून सांगता येत नाही.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात अंजीर आणि बदामाच्या वड्या होत्या, पातळ कागदात बांधलेल्या. त्याने एक माझ्यापुढे धरली.

"देवीला काय सांगितलंत?" मी विचारले.

त्याचा हात तसाच राहिला. "कुणाचा फोन होता?"

मला काय कळले हे त्याने विचारले नाही. कुणी सांगितले ते विचारले.

"बाग देताय तुम्ही."

"देतोय म्हणजे... मुंबईचा एकजण आहे. त्याला पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्यात. माणूस बरा आहे." तो बांधावर माझ्यापासून थोडा दूर बसला. "मी सांगणार होतो तुला. परतीच्या दिवशी. तू अशी खूश असताना."

"म्हणजे हा सगळा रस्ता त्यासाठी?"

"त्यासाठीच असं नाही गं."

तेवढ्या चार शब्दांत अंजिराची पाने गेली, काटे काढलेला मासा गेला, बरोबरीने टाकलेली पावले गेली. नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता. हो म्हणाला असता तर भांडले असते. तो मोजून मापून खरे बोलला.

मग त्याने कारणे सांगितली आणि ती सगळी खरी होती. माकडे कैऱ्या अर्ध्या खाऊन टाकतात. मोहोर शोषणारे थ्रिप्स किडे कोणत्याच फवाऱ्याला दाद देत नाहीत. राखणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. त्याचे गुडघे उतरणीवर दुखतात. मीच त्यांना तेल चोळते, मला का ठाऊक नाही?

"मला विचारलं का नाहीत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीत."

"चोरून थोडंच केलं? सगळ्या गावासमोर सांगितलं. देवीला विचारल्याशिवाय मला जमलंच नसतं."

"आणि मला विचारल्याशिवाय जमलं."

त्याच्या मनात ते खरोखरच चोरून नव्हते, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जड गेली. त्याने लपवले असते तर निदान कशाची तरी भीती त्याला वाटली असती. पण देवीच्या कानावर घातले, तिने उजवे दिले, त्याचे ओझे उतरले. त्या हिशेबात मी कुठे उभी नव्हतेच.

"उभयतांच्या विचाराने," मी म्हणाले. "हे कुणी सांगितलं गुरवाला?"

"गाऱ्हाण्यात तसं म्हणायची पद्धतच असते गं. विवाहित माणूस एकट्याचं नाव कसं घेणार?"

वड्यांवर मुंग्या चढू लागल्या होत्या. त्याने त्या झटकल्या, कागद पुन्हा बांधला आणि खिशात ठेवला.

उरलेले दिवस आम्ही स्पेनमधून गेलो. तिकिटे ठरलेली होती, खोल्याही. आणि भांडलेल्या माणसांनाही कुठेतरी झोपावेच लागते. टेकड्यांवर टेकड्या ऑलिव्हच्या, तांबड्या मातीत ओळीने लावलेली झाडे, आकाशाच्या कडेपर्यंत. एरवी मी वेडी झाले असते. तो दर थोड्या वेळाने गाडीचा वेग कमी करायचा आणि विचारायचा, "कशाचा वास येतोय का?"

"नाही."

मला खरेच येत नव्हता. नाक होते, वारा होता, मधे काहीतरी मिटून गेले होते. तरीही त्याने फोटो काढले आणि नात्यातल्यांना पाठवले. त्यांत मी हसते आहे. मिठागराच्या आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे माझ्याशिवाय कुणाला ओळखता येणार नाही.

परतल्यावर मी सही केली नाही. दोन नावांच्या जमिनीला दोन सह्या लागतात. त्याने आरडाओरडा केला नाही. एकदा विचारले, दुसऱ्यांदा मुलीकडून विचारवले, मुलगी उलट त्याच्यावरच चिडली, आणि मुंबईचा माणूस दुसऱ्या कुणाचा तरी कातळ बघायला गेला. बाग राहिली. घर राहिले. मला जे वाचवायचे होते ते वाचले, असे कुणीही म्हणेल.

पण गावाच्या लेखी हकीकत वेगळी होती. दोघांच्या संमतीने गाऱ्हाणे घातले गेले, देवीने उजवा कौल दिला, आणि ऐनवेळी बाईने शब्द फिरवला. त्या वर्षी मोहोर उशिरा आला आणि बराचसा करपला, तेव्हा विहिरीवर, दुकानात, भाजीच्या टोपलीशी मला तेच ऐकू येई, कधी हसत, कधी हळहळत. काकूसुद्धा म्हणाल्या, "नाही म्हणायचं होतं तर आधी म्हणायचंस गो. देवीला कशाला शब्द दिलास?" मी देवीला शब्द दिला नव्हता, हे जगात एकाच माणसाला पक्के माहीत होते.

मी त्याच्याकडे एवढेच मागितले. "त्याच देवळात, तितक्याच मोठ्याने, सांगा की बायकोला विचारलं नव्हतं. बाकी काही नको."

"सांगतो. शिमग्याला पालखी येईल ना दारात, तेव्हा सांगतो. सगळे असतीलच."

मी शिमग्याची वाट पाहिली. अंगण सारवले, रांगोळी घातली, ओटीचे ताट भरले. ढोलांचा आवाज चढणीवरून वर येऊ लागला तशी मी ताट घेऊन पायरीवर उभी राहिले. देवी आमच्या दारात आली. पालखी पाटावर टेकली, गुलालाने अंगण लाल झाले, घामाचा आणि झेंडूचा एकच उग्र दरवळ पसरला. गुरवाने नारळ हातात घेतला आणि माझ्या नवऱ्याकडे पाहिले. "बोला, काय घालायचं कानावर?"

तो हात जोडून उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. एकदा सगळ्या माणसांकडे.

"सगळ्यांना सुखी ठेव. बागेला बरकत दे," तो म्हणाला.

"होय महाराजा!" अंगण दुमदुमले.

"वहिनी," गर्दीतून कुणीतरी ओरडले, "आता देवी दारात आल्ये, आता तरी हिचं ऐका हो!"

सगळे हसले. दिलखुलास, सणाचे हसणे; त्यात विष नव्हते. तोही हसला. मान थोडी मागे टाकून, गर्दीतला एक होऊन. मी ओटी भरली. माझ्याच्याने सांगवले असते, आवाज होता मला, पण ते माझ्या तोंडून आले असते तर बाईचा कांगावा ठरले असते. ते त्याच्या तोंडूनच यायला हवे होते.

पालखी उठली, ढोल पुढच्या घराकडे वळले. तो पायरीवर बसला, उपरण्याने कपाळावरचा गुलाल पुसला आणि समाधानाने म्हणाला, "छान झालं नाही सगळं?"

"तुम्ही हसलात," मी म्हणाले.

त्याने वर पाहिले. तो आठवायचा प्रयत्न करत होता, अगदी प्रामाणिकपणे.

"केव्हा?" त्याने विचारले.