गडग्याजवळचा कुडा

दत्ताराम गेल्याचा फोन सुधाकरने केला, तेव्हाच मी गोंधळलो. सुधाकर त्याचा सख्खा धाकटा भाऊ. लांज्याजवळच्या आमच्या वाडीत दोघांची घरं कुंपणाच्या एकाच दगडी गडग्याच्या अल्याड-पल्याड, पण नऊ वर्षं बोलणं बंद. “अण्णा, दादा गेला...” एवढंच म्हणाला आणि रडू लागला. त्या अबोल्याला कारण मी होतो, हे आज महिन्याभराने लिहितो आहे.

दत्ताराम शाळामास्तर, माझा बालमित्र. निवृत्तीनंतर सगळे हापूसची कलमं लावतात, याने वरच्या कातळावरून, सड्यावरून, रानटी कुड्याचं रोप आणून गडग्याला लागून लावलं. “दादा, आता घाणेरीपण लाव!” सुधाकर चिडवायचा. पुढे झुडूप वाढलं आणि ते आपल्या हद्दीत येतं म्हणून तोच कुरकुरू लागला.

एका माघात दत्ताराम लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईत होता. परस माझ्यावर सोपवलेलं. भाताचा तरवा पेरण्याआधी जमीन भाजायची म्हणून मी वाळकी डहाळी गोळा करत होतो. कुड्यावर एक पान नव्हतं. रानातला कुडा त्या दिवसांत पानं गाळतो हे मला लहानपणापासून ठाऊक. पण परसातला, रोज पाणी मिळणारा कुडाही गाळेल, हे डोक्यातच आलं नाही. मेला समजून कोयता घातला. झुडूप आडवं झालं आणि घावातून पांढरा चीक ओघळला...

दत्ताराम परतला. “सुध्यानेच तोडला, नाही रे?” मी म्हणालो, “असेल.”

मिरगात कुडा बुंध्यापासून फुटला, दोन-तीन वर्षांत पुन्हा फुलला. भाऊ मात्र तुटले ते तुटलेच.

तेराव्यानंतर सुधाकरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पण अण्णा, मीच तोडला असं मी दादाला सांगितलं होतं.”

“का रे मेल्या?”

“त्याने विचारलं कुठे? सरळ म्हणाला, तूच तोडलास. मला राग आला. म्हटलं, तोडला, काय करशील?”

आता माझं ‘असेल’ आधीचं की त्याचं ‘तोडला’, आम्हा दोघांनाही आठवत नाही. माझा दोष यामुळे कमी होतो की वाढतो, तेही कळत नाही.

दत्तारामची पडवीतली खुर्ची वहिनींनी हलवलेली नाही. भावाचं घर दिसू नये म्हणून त्याने ती गडग्याकडे पाठ करून ठेवलेली, म्हणजे कुड्याकडेही. परवा सुधाकर आला आणि तिच्यात बसला. मी म्हटलं, “फिरवून घे, फुलं दिसतील.”

“राहू दे. दादा काय बघायचा ते बघतो.”

समोर न्हाणीघराची भिंत होती.