वाकडी पाकळी

"१२ मे. ऊन कडक. नातवानं, प्रसेनजितनं, जास्वंदीला दोन बादल्या पाणी घातलं. दीक्षानं गोधडीवर लाल फूल शिवलं. टाके वाकडे."

एवढं लिहून चांगुणाबाईंनी डायरी मिटली. पोरं दुपारची झोपली होती. त्यांनी गोधडी मांडीवर ओढली. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत वाकडा टाका दिसला की सिस्टर सगळं उसवायला लावायच्या. साठ वर्षं झाली, तरी हात तसाच वागायचा. गेलेल्या नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या ठिगळावरचं नऊ वर्षांच्या नातीचं फूल त्यांनी उसवलं आणि बारीक, सरळ टाक्यांनी पुन्हा शिवून टाकलं.

दीक्षा उठली, फुलावरून बोट फिरवत राहिली.

"आजी, हे माझं नाहीये."

"तुझंच हाय गं. जरा नीट केलं."

"पण एक पाकळी किडीनं खाल्लेली होती, अंगणातल्या जास्वंदीसारखी. मी मुद्दाम केली होती!"

चांगुणाबाईंना मान वर करवेना. टाके वाकडे आहेत हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. का, हे विचारलं नव्हतं.

"चुकलं माझं, बाळा," म्हणत त्यांनी आपले टाके उसवले आणि सुई तिच्या हातात दिली. दोनदा उसवल्यानं सदऱ्याला भोकं पडली होती.

दीक्षा शिवायला बसली. दर टाक्याला आजीच्या तोंडाकडं बघत होती. या खेपेला सगळ्या पाकळ्या सरळ आल्या.

संध्याकाळी चांगुणाबाईंनी त्याच पानावर खाली लिहिलं, "लाल दोरा संपला."