लाइन मोकळी ठेवणारा दादा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रुसलेली होते. तीन आठवडे बोलले नव्हते. वहिनी पलीकडून एवढंच म्हणाली, "सुधाताई, ऑफिसातून आले, पाणी मागितलं, आणि…" पुढे तिला बोलवेना. त्या रुसव्याचं आता काय करायचं, मला कळत नाही.

कारण नेहमीचंच. मी नाशिकहून फोन करायचे आणि पाच मिनिटं होत नाहीत तोच हा म्हणायचा, "ठेवतो गं, कुणाचा तरी फोन येत असेल." शेवटच्या वेळी मी माझ्या ऑपरेशनचं सांगत होते. मध्येच तेच वाक्य. माझं डोकंच फिरलं. "ठेव बाबा! सख्ख्या बहिणीपेक्षा तो 'कुणाचा तरी' मोठा!" म्हणाले आणि रिसीव्हर आपटला.

हाच दादा पूर्वी तासभर गप्पा मारायचा. गिरगावची खोली सोडून तो मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहायला गेला आणि बरीच वर्षं रांगेत काढल्यावर त्याच्याकडे फोन आला. विंगमधला पहिला. मग काय, सगळ्या बिऱ्हाडांनी त्याचाच नंबर 'पीपी' म्हणून, म्हणजे शेजारच्यांनी बोलावून द्यायचा नंबर म्हणून, गावोगाव देऊन टाकला. कुणाचाही फोन आला की हा लुंगीवर दोन-दोन जिने उतरून हाक मारायला जायचा. मी चिडवायचे, पण त्याला ते मनापासून आवडायचं.

पुढे त्याने एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर लिनक्स घातलं. कॉम्प्युटर चालवणारा हा प्रोग्राम जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि फुकट वाटतात, याचंच त्याला अप्रूप. नवं काही हवं असलं की इंटरनेटवरून उतरवायचं, आणि इंटरनेट यायचं त्याच फोनच्या तारेतून; ते चालू असेपर्यंत फोन एंगेज. एक फाइल आणावी तर ती म्हणणार, आधी अमुक आण; अमुक म्हणणार, तमुक कुठाय? "सरकारी कचेरी आहे नुसती," मी म्हणायचे. "असेल, पण इथे शेवटी सही मिळते," तो हसायचा. त्या कॉम्प्युटरला आवाज नव्हता. तो फुटावा म्हणून हा इरेला पेटला होता. माझ्या मुलीला त्यावर गाणं ऐकवायचं कबूल करून बसला होता ना!

ते गाणं कधी वाजलं नाही. का, ते मला त्याच्या तेराव्याला कळलं.

तळमजल्यावरच्या सावंतकाकू माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुला त्याने सांगितलं नसेल." दोन वर्षांपूर्वीचा रविवार. दुपारी कुणाचा फोन येत नाही म्हणून दादाने ती आवाजाची फाइल उतरवायला लावली. दोन ते साडेचार. नेमकी त्याच वेळी काकूंची आई गावी वारली. त्यांचा भाऊ एसटीडी बूथवर उभा राहून नंबर फिरवत होता… एंगेज, एंगेज. लागला तेव्हा तो म्हणाला, आता थांबता येणार नाही, अंधार पडायच्या आत उरकायला हवं. काकू रात्री नऊला पोचल्या. आईचं तोंड दिसलं नाही.

"तो माझ्या पायाशी बसून रडला गं," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, बाबा रे, तुला काय ठाऊक होतं? पण त्याच्या मनातून काही गेलं नाही."

वहिनीने मग सांगितलं. पूर्ण उतरलेली ती फाइल त्याने त्याच संध्याकाळी पुसून टाकली. पुढे जे लागेल ते ऑफिसात फ्लॉप्यांवर भरून आणायचा. एक जरी खराब निघाली तरी पुन्हा सगळं अडायचं, पण घरच्या फोनवरून एकही फाइल उतरवली नाही. आता विंगमध्ये जवळजवळ प्रत्येकाकडे फोन आहे, तरी हा पाच मिनिटांच्या वर लाइन अडवायचा नाही. मला वाटायचं, भाऊ तुटला. मी किती सहज ठरवून टाकलं होतं ते!

तो कॉम्प्युटर अजून मुकाच आहे. शेजारी स्टुलावर फोन, फोनखाली पीपीवाल्यांच्या निरोपांची वही, त्याच्या बारीक अक्षरातली.

आता रविवारी मी वहिनीला फोन करते. आम्ही दोघी थोडं बोलतो, थोडं रडतो. पाच मिनिटं झाली की मीच म्हणते, "ठेवते गं, कुणाचा तरी फोन येत असेल." ठेवते, आणि तिथेच बसून राहते.

लाइन मोकळी आहे, दादा.