उत्तरेकडच्या खोलीचा कॉक

उम बुन-रे बाईंची व माझी ओळख जेचन शहराच्या वाचनालयात भरणाऱ्या प्रौढांच्या लेखनवर्गात झाली. त्या माझ्या उजव्या हाताला बसत व स्वतःच्या पेन्सिलीबरोबर शेजारणीच्या पेन्सिलीलाही टोक करून देत. पुढे त्यांचे यजमान गिल वारले आणि त्या वर्गाला येईनाशा झाल्या. तेव्हा घरचा अभ्यास त्यांना नेऊन देण्याचे काम वर्गाच्या शिक्षिकेने माझ्याकडे सोपवले. पुढील हकीकतीतील थोडे मी डोळ्यांनी पाहिले आहे. उरलेले बुन-रे बाईंनी व त्यांच्या घरमालकांनी मला सांगितले आहे.

बुन-रे बाई माडीवर राहत असत व घरमालक ताक सांग-गी खाली. खरे तर मालकाने वर राहण्याची रीत. परंतु ताक यांच्या गुडघ्यांनी जिना चढण्यास नकार दिल्यापासून ही अदलाबदल झाली होती. घर भाड्याचे असले तरी दरमहा भाडे नव्हते. सुरुवातीला मोठी अनामत ठेवायची, राहायचे आणि सोडताना ती परत घ्यायची, असा करार होता. यजमानांनी बस-आगारात चाळीस वर्षे इंजिने उघडून जे मिळवले, ते सगळे त्या अनामतीत होते.

घराला दोन खोल्या. दक्षिणेकडची बाईंची. उत्तरेकडची यजमानांची, कारण शेवटच्या वर्षात त्यांना रात्रभर खोकला येई आणि बायकोची झोप मोडू नये म्हणून ते तिकडे गेले होते. जमीन तापावी म्हणून दोन्ही खोल्यांच्या जमिनीखालून बॉयलरच्या गरम पाण्याच्या नळ्या गेल्या होत्या. कोणत्या खोलीला पाणी सोडायचे, हे ठरवणारे कॉक स्वयंपाकघरातील ओट्याखालच्या कपाटात होते.

माणूस गेल्यावर एकोणपन्नास दिवस तो घरात येत-जात असतो, असे आमच्याकडे मानतात. म्हणून बुन-रे बाईंनी त्या खोलीचा कॉक सुरू ठेवला. अंथरूण घातलेलेच राहू दिले. रोज सकाळी त्या आत जात, अंथरुणाखाली हात घालून जमीन तापली आहे ना हे पाहत आणि बाहेर येत. रडत नसत. मुलगी इंचनहून फोन करी, "आई, जेवलीस का?" त्या म्हणत, "जेवले." कधी ते खरे असे.

एकोणपन्नासावा दिवस मंदिरात पार पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंथरूण उचलले, जाणाऱ्याला वाट असावी म्हणून खिडकी बोटभर उघडी ठेवली आणि कपाटातला कॉक आडवा करून बंद केला. गेलेल्या माणसासाठी गॅस जाळणे यजमानांना स्वतःलाच पटले नसते, एवढाच विचार त्यांच्या मनात आला. त्यानंतर त्या तिकडे फिरकल्या नाहीत.

त्याच आठवड्यात जेचनला थंडीचा कडाका पडला. शेजारीपाजारी पाण्याच्या मीटरला जुने स्वेटर गुंडाळू लागले, पाणी गोठू नये म्हणून नळाची बारीक धार रात्रभर सोडून ठेवू लागले. बुन-रे बाईंनीही नळ सोडून ठेवला. हात ते काम आपोआप करत होते. परंतु बंद कॉकच्या पुढे, उघड्या खिडकीच्या खोलीत, जमिनीखाली पाणी स्तब्ध उभे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. बॉयलरचा बिघाड दाखवणारा तांबडा दिवा लुकलुकू लागला. त्यांनी तो पाहिला. बसल्या जागेवरून पाहतच राहिल्या.

थंडी जरा सैल झाली आणि खालून आरोळी आली.

"आजी! वर भातशेती लावलीय का काय? माझ्या टीव्हीवर पाणी पडतंय!"

ताक जिन्याच्या तळाशी उभे राहून ओरडत होते. बाई कठड्यापाशी आल्या.

"किती पडतंय?"

"किती म्हणजे? टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाईला छत्री द्यावी लागली असती! थांबा, बोंगला बोलावतो."

बोंग हा त्या गल्लीतला बॉयलर-दुरुस्तीवाला. हत्यारांची पेटी घेऊन तो वर आला, उत्तरेकडच्या खोलीत गेला आणि ओल्या जमिनीवरून चवड्यांवर परतला. मग त्याने ओट्याखालचे कपाट उघडले. आडवा कॉक त्याने पाहिला, उघडी खिडकीही पाहिली होती. खालून एकेक पायरी चढताना ताकांचे कण्हणे ऐकू येत होते.

"आजी," तो हळू आवाजात म्हणाला, "नळी जुनी होऊन फुटली तर खर्च मालकाचा. तुमच्या हयगयीनं गोठून फुटली तर तुमचा. सगळी जमीन फोडायची म्हणजे अनामतीला मोठं भगदाड पडेल." एवढे बोलून त्याने कॉक सरळ केला, जाऊन खिडकी लावून आला आणि हात पुसत म्हणाला, "मी काहीच बघितलं नाही. नळ्या म्हाताऱ्या झाल्यात, हे काही खोटं नाही."

बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की ऐकल्याची, हे बोंगला कळले नाही.

ताक धापा टाकत आले. भिंतीची ओल पाहून ते चुकचुकले. "झालं! आता सगळंच खणून काढतो. नळ्या नव्या, बॉयलर नवा, भिंतींना कागद नवा. आजी, तुम्ही महिनाभर लेकीकडे जा. मग बघू पुढचं."

'मग बघू' याचा अर्थ बाईंना समजत होता. नव्या घराला नवा करार आणि वाढीव अनामत. ती त्यांच्याजवळ नव्हती. एकदा सामान इंचनला गेले की ते परत येणार नव्हते, आणि लेकीच्या घरी त्या बैठकीच्या खोलीत झोपणार होत्या.

"काय रे बोंग, कशामुळे झालं?" ताकांनी विचारले.

"जुनी नळी, शेठ. तुमच्या वडिलांच्या वेळची."

"कॉक तर चालू होता ना, आजी?"

बोंग पेटी आवरू लागला. बाई म्हणाल्या, "मी बंद केला होता. खिडकीही उघडी होती."

पुढे त्यांनी मला सांगितले की त्यात चांगुलपणा काही नव्हता. नसलेली गोष्ट लक्षात धरून बोलायला ताकद लागते. तेवढी ताकद त्या दिवशी अंगात नव्हती.

"घ्या!" बोंगने कपाळाला हात लावला. "आजी, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहू नका."

"पण का बंद केला?" ताक चिडून म्हणाले. "कडाक्याच्या थंडीत कोणी शहाणं माणूस..."

"एकोणपन्नास दिवस झाले, मालक. म्हटलं, आता ते गेले. खिडकी त्यांच्यासाठी होती."

ताकांनी जमिनीवर बसायला जागा शोधली. ती ओली होती, म्हणून उंबऱ्यावर बसले व गुडघे चोळू लागले.

"गिलदादा होते तेव्हा," ते म्हणाले, "माझा बॉयलर दोनदा फुकट दुरुस्त करून दिला त्यांनी. आणि वर मलाच शिव्या घातल्या, की मशिनला असं वागवतात का म्हणून."

"घालायचे," बाई म्हणाल्या.

मग ताकांनी बोंगकडे पाहून दर विचारला, तो कमी करायला लावला, पुन्हा कमी करायला लावला. ते चिक्कू म्हणून प्रसिद्ध आहेत आणि त्या दिवशीही त्यांनी आपला लौकिक राखला. शेवटी ठरले ते असे: नळी व सिमेंट मालकाचे, कारण नळी खरोखरच जुनी होती. जमिनीवर फरशीऐवजी चिकटवायचा तेलकागद आणि भिंतीचा कागद बाईंचा. अनामतीच्या घरात तो नाहीतरी राहणाऱ्यानेच लावायचा असतो. फोडायची फक्त ती एकच खोली.

"आणि लेकीकडे?" बाईंनी विचारले.

"कशाला? दुसरी खोली आहे ना. धूळ खायची तयारी असेल तर राहा. करार आहे तसाच आहे."

खोली रिकामी करायची होती. बाईंनी यजमानांचे कपडे, औषधांच्या बाटल्या, ग्रीस लागलेली हातमोज्यांची जोडी, सगळे एकेक करून आपल्या खोलीत आणले. मी मदतीला गेले होते. बोंगने जमीन फोडली तेव्हा त्या दारात उभ्या राहून चिरलेल्या नळीकडे पाहत होत्या. त्याने विचारले, "आजी, खोलीत कोण राहणार आता?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही. तू नीट कर."

सिमेंट वाळले. पिवळा तेलकागद आम्ही दोघींनी, चार कोपऱ्यांतून सरळ करत, चिकटवला. बोंगने कॉक उघडला आणि आपले पैसे घ्यायला खाली गेला. जमीन सगळीकडे सारखी तापते असे राहणाऱ्याने सांगितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा ताकांचा नियम. ते खालून ओरडले, "आजी, तापली का? हा माणूस माझं डोकं खातोय!"

बुन-रे बाई मोजे काढून खोलीच्या मध्यभागी बराच वेळ उभ्या होत्या. मग खाली बसल्या, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले, उचलून पाहिले, पुन्हा टेकवले. खालून दुसरी हाक आली. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "मला समजत नाही हो. तुम्ही जरा हात लावून सांगा, गरम झालीय का?"