ऊन उंबऱ्यावर येईपर्यंत

माझं पहिलं बाळंतपण दवाखान्यात झालं, सुखरूप झालं, तरी दुसरं घरीच करायचं हे मी तिथल्या लोखंडी खाटेवर पडल्या पडल्याच ठरवून टाकलं होतं. तिथं मला कुणी छळलं नाही. फक्त सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. सासू बाहेर, नवरा बाहेर, आणि मी छताकडं बघत. ओरडले तेव्हा एक बाई आली, "गप पड" म्हणाली आणि गेली. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस हटून बसतं, आणि मी तर मुळातच हट्टी.

आमचं गाव खर्ड्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. घरांना कुलपं लागतात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि ज्यांची ज्वारी रानात उभी आहे असे आमच्यासारखे. माझा नवराही त्या वर्षी ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर ऊस ओढायला गेला होता. माझे दिवस भरत होते पौषात, म्हणजे गावात माणूस नाही आणि गाडीही नाही अशा दिवसांत.

घरी करणार म्हटल्यावर सरकारी दवाखान्याच्या आशाताईनं मला चांगलंच झापलं. तिचं खरं होतं. आज मला कुणी विचारलं तर मीही दवाखान्यातच जा म्हणेन. पण तेव्हा मी तिचं ऐकलं नाही. तिनं सांगितलेल्या सगळ्या तपासण्या मात्र केल्या आणि फाईल नीट पिशवीत घालून ठेवली.

आता प्रश्न होता सुईण कोणती बोलवायची. गावात दोघी होत्या.

एक आमच्या घरातल्याच, थोरल्या काकी. सासूच्या चुलत जाऊ. माझ्या नवऱ्याची नाळ त्यांनी कापलेली, आणि बापाची नाळ कापली त्याच हाताला लेकराची कापायचा मान, अशी आमच्याकडं रीत. बोलायला इतक्या गोड की त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं की पोट दुखायचं थांबावं.

दुसरी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहणारी म्हातारी. तिला सगळे मावशी म्हणायचे, पण लांबूनच. तोंड फटकळ. शिवाय तिच्या हाताला यश नाही असं आमच्या आळीत बोललं जायचं. कसलं यश नाही, कधी नाही, हे कुणी सांगायचं नाही. माझ्या सासूपुढं, म्हणजे आत्यांपुढं, तिचं नाव निघालं की त्या उठून गोठ्यात जायच्या.

सुईण कशी पारखायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण माझे वडील म्हैस घ्यायला गेले की विकणाऱ्याला एकच विचारायचे, "हिनं कधी लाथ मारली का?" कधीच नाही म्हणणाऱ्याकडून ते म्हैस घ्यायचे नाहीत. तीच युक्ती मी केली. दोघींना एकच विचारायचं ठरवलं. तुमच्या हातून किती जणींना दवाखान्यात पाठवायची वेळ आली?

काकींनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, "एकीलाबी न्हाई, पोरी. माझ्या हातची कुनीच गेली न्हाई."

मी म्हटलं, "आन ती वरच्या आळीची? तिला तर टेम्पोत घालून नेल्ती."

"ती मी कुठं पाठवली? तिला तिच्या भावानं नेली."

मी गूळ खाल्ला आणि घरी आले. काकी खोटं बोलत नव्हत्या. भावानं नेलेली त्यांच्या हिशेबात धरलेलीच नव्हती, एवढंच. मला त्यांचा राग नाही आला, भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून वस्तीवर गेले. मावशी अंगणात तूर बडवत बसली होती. माझा प्रश्न ऐकला तरी तिची काठी थांबली नाही. बडवता बडवताच ती मोजायला लागली. एकीचं लेकरू आडवं होतं, एकीचं रक्त थांबत नव्हतं, एक नुसतीच पिवळी पडलेली. एकेकीचं घर, एकेकीची आळी. आठ झाल्या. मग काठी थांबली.

"आठ येळंला धाडल्या," ती म्हणाली. "आन एक उशिरा."

"उशिरा म्हंजी?"

"तुझ्या सासूचं पयलं. सकाळीच माझ्या ध्यानात आलं हुतं, काय तरी अडलंय. पर मी नवी हुते. म्हनलं, हुईल. दुपार झाली तरी म्हनलं, हुईल. गाडी जुंपा म्हनले तवा सांज झालती. आन गावातल्या समद्या बैलगाड्या कारखान्याला गेल्त्या." तिनं तुरीची एक शेंग उचलली, फोडून बघितली, टाकून दिली. "सासू वाचली. लेकरू न्हाई वाचलं. तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या आधी एक मूल झालं होतं हेसुद्धा मला लग्नानंतर सहा वर्षांनी तुरीच्या खळ्यावर कळलं. मला रडायला आलं, ते आत्यांसाठी की माझ्या पोटातल्यासाठी ते सांगता येत नाही. मावशीनं पाणी दिलं, पण समजूत काढली नाही.

त्याच वेळी माझं ठरलं. आपली चूक जी तुरीच्या शेंगेसारखी फोडून दाखवते, तिच्याच हाती मी जाणार. पण घरी येऊन आत्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. त्या पीठ मळत होत्या. मी सगळं सांगितलं, मावशीनं सांगितलेलंसुद्धा. त्यांनी हाताचं पीठ झटकलं.

"आनायची तर आन," त्या म्हणाल्या. "तुझं बाळतपन हाय. पर ती आत आसंल तवर मी त्या खोलीत पाय टाकायची न्हाई."

काकी अर्थातच रुसल्या. त्या वर्षी संक्रांतीचं वाण घ्यायला आमच्याकडं आल्या नाहीत.

मावशी एकदा घर बघून गेली. आशाताईला बोलावून तिच्याकडून फाईल मोठ्यानं वाचून घेतली, जिथं समजलं नाही तिथं दोनदा. माझी नखं बघितली, स्वतःची दाखवली. नवं ब्लेड, सुती धडुती, चुलीवर पाणी. मग अंगणात उभी राहून म्हणाली, "पयली कळ आली की गाडी हितं उभी पायजे. तोंड रस्त्याकडं करून."

मी म्हटलं, "फोन केला की येती की दवाखान्याची गाडी."

"ती येईल तवा येईल. मला दारात उभी पायजे." आमचं दार पूर्वेला. सकाळचं ऊन पार खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत येतं आणि दिवस वर चढेल तसं मागं सरतं. मावशीनं उंबऱ्यावर पाय ठेवला. "ऊन हितं आलं की उचलायची आन गाडीत घालायची. तवर झालं तर झालं. ऊन हितं आल्यावर हिचं ऐकायचं न्हाई. माझंबी ऐकायचं न्हाई."

ती हे बोलली माझ्याकडं बघून. पण आवाज गोठ्यापर्यंत जाईल एवढा काढला होता.

गावात उरलेली गाडी एकच होती, दुधाची पिकअप. ती चालवणारा आमच्याच भावकीतला, मला दीर लागायचा. "वहिनी, कवाबी हाक मारा," तो म्हणाला, "फकस्त सकाळी दुधाच्या टायमाला नको."

माझी पहिली कळ आली ती सकाळी, बरोबर दुधाच्या वेळी. तो आमच्या दारातलं दूध मोजून घेत होता. मागं कॅन भरलेले, डेअरीला पोचायची घाई. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि आत्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. मग त्याला म्हणाल्या, "गाडी फिरव." त्यानं मुकाट्यानं फिरवली, तोंड रस्त्याकडं केलं आणि सांगायला लागला की तेवढं दूध घालून तासाभरात येतो. आत्यांनी गाडीचं पुढचं दार उघडलं आणि आत जाऊन बसल्या.

"दूध नासंल की," तो म्हणाला.

"नासू दे."

निरोप पोचला तशी मावशी आली. दाराला अर्ध्यावर जुनं लुगडं बांधलं, त्याच्या खालून ऊन आत येत राहिलं. पुढचे तीन तास कसे गेले हे मी सांगू शकते, कारण मी सगळा वेळ त्या उन्हाकडंच बघत होते. आधी ते माझ्या पायावर होतं, मग सतरंजीच्या काठावर, मग फरशीवर. मावशी पाठ दाबत होती आणि सारखी बोलत होती. लाडानं नव्हे. "तोंड मिट. सगळा जोर तोंडातनं चालला," असलंच काही. मी तिला शिव्या दिल्या, तिनं मला दिल्या. मी एकटी नव्हते.

ऊन बरंच सरकलं. माझ्या मनात आलं, आता उठवतात मला. नको वाटलं, आणि उठवलं नाही तर काय, याचीही भीती वाटली. तेवढ्यात बाहेर गाडीतून आवाज आला.

"ऊन कुठवर आलं गं?"

आवाज आत्यांचा होता. माझा नवरा पस्तीस वर्षांचा, त्याच्याही आधीपासून या दोघी एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या.

"ईतभर हाय अजून!" मावशी ओरडली.

मग थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"चार बोटं! थांब, डोकं दिसतंय!"

ऊन उंबऱ्याला टेकलं नव्हतं तोवर मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत. अंगणात काहीच हालचाल झाली नाही. दीर गाडीचं दार उघडून खाली उतरायला लागला तेव्हा आत्यांनी त्याला दंडाला धरून बसवलं, असं त्यानं मला नंतर सांगितलं. "बस गप. अजून वार पडायचीय," त्या म्हणाल्या. त्यांनी दुसरा हात समोरच्या पत्र्यावर असा दाबून धरला होता, जसं काही तो काढला तर गाडी निघून जाईल.

वार पडली. मावशीनं ती उलटून पालटून बघितली, माझं पोट दाबून बघितलं, धडुती बदलली, परत बघितली. बराच वेळ तिचं समाधान होईना. मग हात धुतले आणि लुगडं बाजूला करून बाहेर गेली. दार उघडंच राहिलं, म्हणून पुढचं मला आतून दिसलं.

ती गाडीपाशी जाऊन उभी राहिली. "उतर आता खाली. दोघीबी चांगल्या हायत."

आत्या उतरायला गेल्या तर पायांना मुंग्या आलेल्या. त्या कलल्या. मावशीनं त्यांना काखेत हात घालून धरलं, आणि दोघी तशाच उन्हात उभ्या राहिल्या.

"पोरगी हाय?" आत्यांनी विचारलं.

"व्हय."

"तवाबी पोरगीच हुती."

"ठावं हाय मला," मावशी म्हणाली. "मीच न्हाऊ घातलं हुतं तिला."

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग चुलीवरच्या पाण्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "पानी तापलंय. हिलाबी तूच घाल."